गाणी दुसऱ्यांची, गळा आपला: ब्रायन फेरी, १९७३

तबकडीवाला (धागाकर्ता), शनिवार रात्री १०.४०

गेल्या महिन्यात चोर बाजारात एका ढिगाच्या तळाशी एक एलपी हाताला लागली. कव्हरच्या कडा पावसानं फुगलेल्या, मागच्या बाजूला कुणीतरी बॉलपेननं इंग्रजीत लिहिलेलं: ‘रविवारपर्यंत परत’. ती काही परत गेलेली दिसत नाही. दुकानदार पाचशेवर अडून बसला होता. मी तबकडी बाहेर काढून उजेडात तिरकी धरली, ओरखडे मोजल्यासारखं केलं, साडेतीनशेला जमलं. (ओरखडे खरं तर दोनच होते, पण त्यातला एक थेट पहिल्या गाण्यावर.)

ब्रायन फेरी, ‘दीज फुलिश थिंग्ज’, ऑक्टोबर १९७३. तेरा गाणी, त्यातलं एकही त्याचं स्वतःचं नाही.

ज्यांना फेरी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. रॉक्सी म्युझिक हा इंग्लंडचा बँड. १९७२ च्या जूनमध्ये पहिली रेकॉर्ड आली, ऑगस्टमध्ये ‘व्हर्जिनिया प्लेन’ नावाचं सुटं गाणं आलं आणि ते इंग्लंडातल्या खपाच्या यादीत थेट चौथ्या नंबरावर गेलं. चकचकीत कपडे, ओबो आणि सॅक्सोफोन, ब्रायन इनोची सिंथेसायझरवरची चित्रविचित्र यंत्रकारी, आणि पुढे उभा राहून थरथरत्या, काहीशा नाटकी आवाजात गाणारा फेरी. पहिल्या दोन्ही रेकॉर्डवरची सगळी गाणी एकट्या फेरीनं लिहिलेली. म्हणजे या माणसाकडे गाणी नव्हती म्हणून त्यानं दुसऱ्यांची उचलली, असं म्हणायला जागाच नाही. १९७३ हे एकच वर्ष बघा. मार्चमध्ये बँडची दुसरी रेकॉर्ड, उन्हाळ्यात इनो बँड सोडून गेला, ऑक्टोबरमध्ये ही परक्या गाण्यांची सोलो, आणि नोव्हेंबरमध्ये बँडची तिसरी, जी इंग्लंडात पहिल्या नंबरावर पोचली. गडी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता.

मला खिळवून ठेवलं ते आधी कव्हरनंच. रॉक्सीच्या पहिल्या रेकॉर्डच्या दर्शनी बाजूला एक मॉडेल पहुडलेली आहे, दुसऱ्या रेकॉर्डवर काळ्या बिबट्याला साखळीनं धरून उभी असलेली अमांडा लिअर. गायक कुठे, तर उलटून बघा, मागच्या बाजूला तो शोफरच्या वेषात मोटारीपाशी उभा. आणि या सोलोवर? नुसता त्याचा चेहरा. अंगात साधा काळा टीशर्ट. स्वतःची गाणी गाताना जो माणूस मॉडेलच्या मागे उभा राहिला, तो लोकांची गाणी गाताना पहिल्यांदा एकटा पुढे आला. हे मला फार गमतीचं वाटतं, आणि धागा काढण्याचं कारण तेच आहे.

आता गाणी. सुरुवातच बॉब डिलनच्या ‘अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल’नं. मूळ गाणं १९६३ च्या रेकॉर्डवरचं, एक माणूस, एक गिटार, जवळजवळ सात मिनिटं, वातावरण कीर्तनकारानं प्रलयाचं वर्णन करावं असं. फेरी तेच शब्द घेतो आणि पियानो धडाधड वाजवत, मागे बायकांचा कोरस उभा करून, नाचता येईल अशा ठेक्यावर म्हणतो. डिलन ज्या ओळी एकसुरी सांगत जातो, त्या ओळींवर फेरी भुवया उंचावतो. भुवया दिसत नाहीत अर्थातच, पण ऐकू येतात. हे सुटं गाणं म्हणूनही काढलं आणि दहाव्या नंबरापर्यंत गेलं. माझ्या प्रतीत इथेच सुई उडते आणि प्रलयाच्या चार-पाच ओळी गायब होतात. सौ.चं म्हणणं, तेवढंच बरं आहे.

पुढे बीच बॉइज, स्टोन्स, बीटल्स, स्मोकी रॉबिन्सनच्या मिरॅकल्सचं ‘द ट्रॅक्स ऑफ माय टिअर्स’, आणि अगदी शेवटी १९३६ सालच्या लंडनच्या एका रंगमंचीय कार्यक्रमातलं गाणं, ज्याचं नाव त्यानं अख्ख्या रेकॉर्डला दिलं. १९७३ च्या रॉक ऐकणाऱ्या पोराला हे म्हणजे त्याच्या आजीच्या ट्रंकेतून काढून दिल्यासारखं.

तर प्रश्न असा: हे काय आहे? चोरी, विनोद, प्रेम, की धंदा? लिहा मोकळेपणानं.

रातकिडा, शनिवार रात्री ११.१५

थोडक्यात काय, ऑर्केस्ट्रा! आमच्याकडे गणपतीत दर वर्षी ‘व्हॉइस ऑफ मुकेश’ यायचे. त्यांनाही तेरा गाणी यायची आणि त्यातलं एकही त्यांचं नसायचं. फरक इतकाच की त्यांच्या शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली असत.

गंमत सोडा. डिलनचं गाणं मी आत्ता दोन्ही ऐकलं. मूळ गाण्यात अणुयुद्धाच्या भीतीचा काळ आहे, एक बाप मुलाला विचारतोय की बाबा रे, तू काय काय पाहून आलास. त्यावर हा पार्टी करतोय? मला तरी हे ‘अर्थ गेला खड्ड्यात, माझा सूट बघा’ असं वाटलं. कॉपी केली असती तर निदान आदर दिसला असता.

तबकडीवाला, शनिवार रात्री ११.३२

रातकिड्या, तुझा मुद्दा घेतो, पण उदाहरण उलटं पडलंय. व्हॉइस ऑफ मुकेशचं यश कशात? डोळे मिटले की मुकेश उभा राहिला पाहिजे. फेरीचं कुठलंही गाणं डोळे मिटून ऐक, मूळ गायक आठवायलाच त्रास होतो. आवाजाचा तो कंप, शब्दाच्या शेवटी सूर ओढत नेऊन अर्धवट सोडून द्यायची सवय, सगळं त्याचंच. नक्कल करणाऱ्याला इतका गर्व परवडत नाही.

आणि सूट पुढच्या रेकॉर्डवर आला रे. १९७४, ‘अनदर टाइम, अनदर प्लेस’. पांढरं डिनर जॅकेट, मागे पोहण्याचा तलाव. पहिल्या वेळी टीशर्टच होता.

चिमणचारा, शनिवार रात्री ११.५०

वाचनखूण साठवली. सकाळी ऐकून सांगते.

टाईनकाठी, रविवार पहाटे ३.२०

(इथे अजून शनिवारची रात्रच आहे, काळजी नसावी.)

मी न्यूकॅसलमध्ये राहतो, एकोणीस वर्षं झाली. फेरी आमच्या इथला, म्हणजे वॉशिंग्टनचा. अमेरिकेतलं नव्हे, तेव्हाच्या काउंटी डरहॅममधलं. जॉर्ज वॉशिंग्टनच्या पूर्वजांचं घर या गावात आहे, नाव तिकडे गेलं ते इथून. पण गाव कोळशाच्या खाणींचं. ‘एफ पिट’ नावाच्या जुन्या खाणीचं इंजिनघर अजून जपून ठेवलंय, आमच्या घरापासून गाडीनं वीस मिनिटं.

फेरीचे वडील खाणीतल्या तट्टांची देखभाल करायचे. ज्यांना कल्पना नाही त्यांना सांगतो: कोळशाच्या गाड्या ओढायला जमिनीखाली छोटी घोडी ठेवत, त्यांचे तबेलेसुद्धा खालीच असत. बीमिश नावाचं मोठं खुलं संग्रहालय आहे जवळ, तिथे तशी तट्टं बघायला मिळतात. माझ्या मुलीनं एकाच्या नाकावर हात ठेवला होता, तर त्यानं तिची बाहीच चावायला घेतली. इतकं ठेंगणं जनावर, आणि छाती बघाल तर पखवाजासारखी.

हे का सांगतोय? कारण पांढरं जॅकेट घालून १९३६ चं गाणं म्हणणारा माणूस पाहिला की वाटतं कुठल्या तरी सरदारघराण्यातला असेल. तो तट्टं सांभाळणाऱ्याचा मुलगा आहे. ती गाणी, ते कपडे, सिगारेट धरायची ती ऐट, हे सगळं त्यानं बाहेरून बघून उचललेलं आहे. रातकिडा ज्याला ‘माझा सूट बघा’ म्हणतात, ते बरोबरच आहे. फक्त तो सूट त्याला वारशानं मिळालेला नव्हता.

आणखी एक. रॉक्सीच्या आधी, न्यूकॅसल विद्यापीठात शिकत असताना तो ‘गॅस बोर्ड’ नावाच्या बँडमध्ये गायचा. काय गायचा? अमेरिकन सोल संगीत. म्हणजे दुसऱ्यांचीच गाणी! १९६७ मध्ये ओटिस रेडिंगचा ताफा इंग्लंडात आला तेव्हा हा लिफ्ट मागत लंडनपर्यंत गेला होता. तेव्हा १९७३ ची ही रेकॉर्ड म्हणजे नवा अवतार म्हणा हवं तर, पण बँडच्या आधीचा पोरगाच त्यात परत आलाय.

तबकडीवाला, रविवार सकाळी ८.०५

टाईनकाठी, दंडवत घ्या. तट्टांचं वाचून त्या रेकॉर्डकडे परत बघितलं.

खडूफळा, रविवार सकाळी ९.४०

मी चित्रकलेचा मास्तर (निवृत्त), त्यामुळे माझं नाक इथे खुपसणं भाग आहे. फेरी न्यूकॅसलला गायला नव्हता गेला, ललित कला शिकायला गेला होता, आणि शिकवायला कोण, तर रिचर्ड हॅमिल्टन. पॉप आर्टचा बाप म्हणा. मासिकांतल्या जाहिराती कापून चिकटवलेलं त्याचं १९५६ चं कोलाज पॉप आर्टच्या प्रत्येक पुस्तकात असतं. आणि फेरी तिथे विद्यार्थी असतानाच, १९६५-६६ मध्ये, हॅमिल्टननं मार्सेल द्युशांच्या त्या प्रचंड काचेच्या चित्राची प्रतिकृती न्यूकॅसलमध्येच बनवली, लंडनच्या टेट गॅलरीतल्या प्रदर्शनासाठी.

प्रतिकृती! चांगला नावाजलेला चित्रकार दुसऱ्याचं चित्र काचेवर तारेनं, शिशानं, रंगानं पुन्हा उभं करतोय, आणि त्याला कुणी नकलाकार म्हणत नाही. विशीतली पोरं ते बघतायत. द्युशां म्हणजे १९१७ मध्ये दुकानातलं मुतारीचं भांडं आडवं करून प्रदर्शनाला पाठवणारा माणूस. वस्तू तू बनवली नाहीस, पण निवडलीस, फिरवून ठेवलीस, खाली सही केलीस, की ती तुझी. आता तेरा गाण्यांची यादी काढून बघा आणि सांगा हे काही वेगळं आहे का. फेरीच्या १९७८ च्या सोलोचं नावसुद्धा द्युशांच्या त्याच काचेच्या चित्रावरून घेतलंय, तेव्हा मी ओढूनताणून काही जोडत नाहीये.

गडी पुढे लंडनच्या एका शाळेत मातीची भांडी बनवायला शिकवत होता काही काळ. माझाच पेशा. माझ्या वर्गातून अजून कुणी रॉक्सी निघालं नाही, पण एकजण बरी फ्लेक्स बनवतो.

रातकिडा, रविवार सकाळी १०.१०

मास्तर, मुतारीचं भांडं कुणी मेहनतीनं रचलेलं गाणं नव्हतं. डिलननं घाम गाळलाय हो.

खडूफळा, रविवार सकाळी १०.२२

भांड्याच्या कारखान्यातल्या कामगारानंही गाळलाच असणार. पण तुमचा टोला मान्य.

मुळाकाठची, रविवार दुपारी १२.३०

अहो, यादीतलं सगळ्यात धीट गाणं कुणी घेतलंच नाही! ‘इट्स माय पार्टी’. मूळ गायिका लेस्ली गोर, १९६३, रेकॉर्डिंगच्या वेळी वय सोळा. वाढदिवसाच्या पार्टीतून आपला मित्र दुसरीचा हात धरून निघून गेला म्हणून मुलगी रडतेय, इतकाच मामला. अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं होतं. पुरुषानं असं गाणं घेतलं की रिवाज असा की ‘तो’च्या जागी ‘ती’ करायचं आणि मोकळं व्हायचं. फेरीनं एक अक्षर बदललेलं नाही. मित्र जॉनीच, नवी अंगठी घालून आलेली ज्युडीच, आणि रडणारा हा घोडा.

इंग्रजी समीक्षेत यावर भुवया उंचावल्या गेल्या असतील. पण आपण मराठी माणसांनी का दचकायचं? ज्यांच्या आजोबांनी बालगंधर्वांची भामिनी पाहण्यासाठी नाटकगृहाबाहेर रात्री काढल्या, त्यांना पुरुषानं बाईचं दुःख गाणं म्हणजे काय नवल? आणि त्याही मागे जा. ज्ञानदेवांच्या विरहिण्या घ्या. घणघणणारा मेघ, चंदनाची चोळी अंग जाळते म्हणणारी ती कोण? लिहिणारे ज्ञानदेव. गवळणी कुणी रचल्या? आपल्याकडे शब्दांचं लिंग आणि गाणाऱ्याचं लिंग यांची गाठ कधी बांधलेलीच नव्हती.

माझ्या मते त्या गाण्यात फेरी चेष्टा करत नाहीये. थोडी करतोय. पण सोळा वर्षांच्या मुलीचं रडणं सूट घातलेल्या (टीशर्ट, टीशर्ट!) अठ्ठावीस वर्षांच्या माणसाच्या तोंडी आलं की हसू येता येता मध्येच अडकतं. मला दुसऱ्यांदा ऐकताना अडकलं.

दुसरं म्हणजे, दुसऱ्याचं गाणं गाण्याला इंग्रजीत म्हणतात तो ‘कव्हर’ शब्दच मला परका वाटतो. ‘मानापमाना’तली पदं १९११ ची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. दीनानाथ मंगेशकरांनी त्यातली काही अशी काही आक्रमकपणे गायली की ती त्यांचीच झाली. मग वसंतराव देशपांडे त्या दीनानाथी वळणाला आपली जोड देऊन बसले. आता याला काय म्हणाल, कव्हरचं कव्हर? आमच्या घरी त्याला नुसतं ‘पद म्हणणं’ म्हणत.

तबकडीवाला, रविवार दुपारी १.०५

मुळाकाठची, तुमच्या प्रतिसादाला +१, पण एक पाचर मारतो. नाट्यपदात परंपरा अशी की पद सगळ्यांचंच, गायकी ज्याची त्याची. रॉकमध्ये १९६३-६४ नंतर नेमकं उलटं ठरलं होतं. बीटल्स आणि डिलन यांच्यानंतर, स्वतः लिहिशील तर तू खरा, नाहीतर तू नुसता गवई. ‘नुसता गवई’ ही शिवी झाली होती. फेरीनं दहा वर्षांनी मुद्दाम ती शिवी अंगावर ओढून घेतली, तेही स्वतः लिहिणारा म्हणून नाव झालेलं असताना. म्हणून तिथे तो धक्का होता. वसंतरावांना कुणी विचारलं नसतं की बुवा, तुमची स्वतःची पदं कुठायत?



बेसुरा मी, रविवार दुपारी ३.४५

बोवीचं नाव न घेता हा धागा इतका लांबला कसा?

त्याच ऑक्टोबरात, १९७३ मध्येच, डेव्हिड बोवीचीही फक्त परक्या गाण्यांची रेकॉर्ड आली: ‘पिन अप्स’. जुलैत हॅमरस्मिथला स्टेजवरून ‘झिगी’ या आपल्या सोंगाला निरोप दिला आणि लगेच फ्रान्समधल्या एका वाड्यातल्या स्टुडिओत जाऊन हे गायला. कव्हरवर सोबत मॉडेल ट्विगी. इंग्लंडात पहिला नंबर. फेरीची पाचव्यापर्यंत पोचली. त्याच महिन्यात ‘द बँड’ नावाच्या गटानंही जुन्या गाण्यांचीच रेकॉर्ड काढली, आणि जूनमध्ये हॅरी निल्सन पूर्ण वाद्यवृंद घेऊन जुनी प्रेमगीतं गाऊन मोकळा झाला होता. एका वर्षात चार. हवेतच काहीतरी होतं.

पण फरक बघा. बोवीनं घेतली ती १९६४ ते ६७ मधल्या लंडनच्या क्लबांत वाजणारी गाणी: हू, किंक्स, यार्डबर्ड्स, प्रिटी थिंग्ज. स्वतःच्या पोरवयातलं, स्वतःच्या गल्लीतलं. फेरीची बरीचशी गाणी अमेरिकेची, त्यात मुलींच्या गटांची आणि गायिकांची भरपूर (पॅरिस सिस्टर्स, अर्मा फ्रँकलिन, केटी लेस्टर), आणि शेवटी आजोबांच्या काळातलं एक. बोवी आठवणी काढतोय. फेरी कुठे जायचंय ते सांगतोय.

म्हणून मला फेरीची जास्त आवडते. ‘पिन अप्स’ बोवीच्या यादीत मधली एक रेकॉर्ड म्हणून राहिली. फेरीला मात्र या रेकॉर्डनं पुढच्या पन्नास वर्षांचा माणूस मिळाला. ते जॅकेट, तो थकलेला प्रियकर, सगळं इथूनच. नंतरच्या रॉक्सीतही तोच माणूस गातो. त्या बँडचं इंग्लंडातलं एकमेव पहिल्या नंबराचं सुटं गाणं कुठलं माहितीय? १९८१ चं ‘जेलस गाय’. जॉन लेननचं! लेननच्या खुनानंतर श्रद्धांजली म्हणून गायलेलं. म्हणजे तिथेही परकंच गाणं.

जुना वकील, रविवार सायंकाळी ६.१५

अवांतर, पण रातकिडा यांनी ‘घाम’ काढला म्हणून. इंग्लंड-अमेरिकेत गाणं एकदा प्रसिद्ध झालं की दुसऱ्यानं ते गाऊन रेकॉर्ड काढायला मूळ रचनाकाराची वेगळी मनधरणी लागत नसे. ठरलेला मोबदला भरा, गा. ही सोय अमेरिकेत १९०९ च्या कायद्यात आली, आणि ती गायकांसाठी नव्हती बरं का. आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळ्यांवरून भांडण होतं. तेव्हा फेरीच्या प्रत्येक प्रतीमागे डिलनला पैसे मिळत होतेच. घामाचा हिशोब चुकता होता.

आपल्याकडे १९५७ च्या कायद्यात अशी मुभा होती. तिच्या आधारानं ऐंशीच्या दशकात कॅसेटवाल्यांनी जे केलं ते सगळ्यांच्या घरी अजून माळ्यावर असेल. २०१२ च्या दुरुस्तीनं आता पाच वर्षं थांबावं लागतं, निदान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते, आणि वेष्टणावर मूळ कलाकाराचं नाव किंवा चित्र असं छापता येत नाही की गिऱ्हाईक फसेल.

चिमणचारा, रविवार रात्री ८.३०

वकीलसाहेब, शेवटचं कलम आमच्या बाबांमुळेच आलं असणार!

१९८८ ची गोष्ट. बाबा कोल्हापूरहून येताना स्टेशनावरच्या एका टपरीवरून लताबाईंच्या जुन्या गाण्यांची कॅसेट घेऊन आले. वर लताबाईंचा फोटो होता म्हणे, निदान बाबांना तसं वाटलं. घरी सगळे जेवून बसले, टेप लावला, पहिल्या ओळीला आजी म्हणाली, ‘हिला सर्दी झालीय का?’ दुसऱ्या गाण्याला बाबांनी कॅसेट काढून चष्मा लावला. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं, अमुक गाणी, तमुक यांच्या आवाजात. बाबा त्यानंतर कुठल्याही कॅसेटला ‘व्हर्जन नाही ना?’ विचारल्याशिवाय हात लावायचे नाहीत. फळवाल्यालासुद्धा एकदा विचारलं होतं, आंबा व्हर्जन आहे का म्हणून.

त्यामुळे मी या धाग्यावर रातकिड्याच्या बाजूनं यायचं ठरवूनच सकाळी ऐकायला बसले होते. पण हे ‘व्हर्जन’ नाही. व्हर्जनवालीची धडपड असायची की तुम्हाला कळू नये. हा पहिल्या ओळीपासून ओरडून सांगतो की मी तो नव्हे.

शेवटचं, नावाचं गाणं मला सगळ्यात आवडलं. पियानोवर संथ सुरू होतं, कुणी जुनं पाकीट उघडत असल्यासारखं. सोडून गेलेल्या माणसाची आठवण करून देणाऱ्या बारीकसारीक वस्तूंची नुसती यादी आहे, लिपस्टिक लागलेलं सिगारेटचं थोटूक, विमानाचं तिकीट, असलं. आणि मग ठेका येतो आणि दुःख डुलायला लागतं. रडायचं का नाचायचं ते शेवटपर्यंत ठरवता येत नाही.

रातकिडा, रविवार रात्री ९.००

एकेक करून सगळे फितूर झाले. ठीक आहे. पहिल्या वेळी धक्का होता, हे मी मान्य केलं असं समजा. पण मग पुढे? ७४ मध्ये परत तेच. ७६ मध्ये ‘लेट्स स्टिक टुगेदर’, ९३ मध्ये परत एक, ९९ मध्ये बहुतेक तीसच्या दशकातली गाणी, २००७ मध्ये तर अख्खा डिलन! एकदा केलं तर बंड, सहा वेळा केलं तर दुकान. आणि ही वाट रॉकवाल्यांना इतकी सोयीची सापडली की रॉड स्टुअर्टनं २००२ पासून जुन्या अमेरिकन गाण्यांचे खंडच्या खंड काढले, तिसऱ्याला ग्रॅमीसुद्धा मिळालं. गळा थकला की जुनी गाणी. याला मी पेन्शन म्हणतो.

तबकडीवाला, रविवार रात्री ९.२५

यात तथ्य आहे. २००७ ची डिलनवाली मला स्वतःला सपक वाटते. १९७३ मध्ये तो डिलनशी झोंबत होता, तिथे तो डिलनच्या शेजारी आरामखुर्ची टाकून बसलाय. रॉडच्या खंडांबद्दल मी काही बोलणार नाही, घरात त्याचे पंखे (फॅन) आहेत.

पण पेन्शन सरसकट नको. १९८३ ची लिंडा रॉनस्टॅट बघ. रॉकची राणी म्हणून स्टेडियमं भरत होती, चांगला धंदा चालू होता, आणि ती नेल्सन रिडलचा वाद्यवृंद घेऊन जुनी प्रेमगीतं गायला बसली. मग १९८७ मध्ये त्याहून पुढे, वडिलांकडून ऐकलेली मेक्सिकन गाणी, सगळी स्पॅनिशमध्ये. सत्तरी गाठलेला जॉनी कॅश २००२ मध्ये पोराटोरांच्या बँडचं ‘हर्ट’ गायला, आणि ज्यानं ते लिहिलं त्यापेक्षा लोकांना कॅशचंच आठवतं. ती काय पेन्शन होती?

आणि फेरीनं २०१२ मध्ये फारच चावट काम केलंय. ‘द जॅझ एज’. स्वतःचीच जुनी गाणी घेतली, १९२० च्या दशकातल्या नाचाच्या बँडसारखी वाजवून घेतली, आणि स्वतः गायलाच नाही! तेरा गाणी पुन्हा, बरं का. या वेळी सगळी त्याची, आणि गळा मात्र गायब.

टाईनकाठी, रविवार रात्री ११.१०

ते ऐकलंय. इथल्या एका कॅफेत लावतात. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना वाटलं खरंच शंभर वर्षांपूर्वीचं आहे. मी काही बोललो नाही.

रातकिडा, सोमवार रात्री ९.५०

आज एक झालं. जेवण झाल्यावर मी फोनवर ते ‘इट्स माय पार्टी’ मोठ्यानं लावलं, मुळाकाठचींचं ‘हसू अडकतं’ म्हणजे काय ते बघायला. आई ओट्यापाशी भांडी पुसत होती. तिला इंग्रजी गाण्याचं काही सोयरसुतक नाही. दोनेक मिनिटांनी फडकं खांद्यावर टाकून दारात आली आणि म्हणाली, ‘हा बाप्या रडतोय का चेष्टा करतोय?’

मी म्हटलं, धाग्यावर विचारून सांगतो.

तबकडीवाला, सोमवार रात्री १०.०५

काकूंना शेवटचं गाणं लावून दे. आणि काय म्हणाल्या ते इथे लिही.

रातकिडा, सोमवार रात्री १०.४०

लावलं. पूर्ण ऐकलं उभ्यानं. म्हणाली, ‘हे मघाचाच का? मग मघाशी रडतच होता.’